लाल सुतळीची पोती

मळणी झाली आणि त्याच दुपारी पाऊस आला. आधी आला असता तर कणसं रानातल्या उभ्या ताटावरच भिजली असती आणि ताटावरच वाळली असती. नंतर आला असता तर मका पोत्यात बंद असता. पण कुणाच्या अंगणात काय वाळत पडलंय याची चौकशी करून यायची पावसाला सवय नसते. आई फावड्यानं दाणे ओढत होती, बाबा पोत्याचं तोंड धरून उभे होते आणि त्यांची मुलगी ताडपत्रीचं एक टोक हातात घेऊन नुसतीच इकडून तिकडे पळत होती. ताडपत्री मधोमध फाटलेली होती. ती फाटली आहे हे तिघांनाही माहीत होतं, पण शिवायची राहून गेली होती.

पाऊस थोडाच वेळ टिकला. तेवढ्यात कडेचा ढीग चिंब झाला. हा खायचा मका असता तर कुणी मनाला लावून घेतलं नसतं. उन्हात टाकला, वाळला, गिरणीत गेला. पण हा बियाण्याचा मका होता. बियाण्याचं काम म्हणजे सोन्यासारखं जपायचं आणि चोरासारखं घाबरायचं. बी कंपनीचं, बघायला येणारी माणसं कंपनीची, आणि मादीच्या ओळीतला प्रत्येक तुरा उमलायच्या आत हातानं उपटायचा. एक राहिला तरी परागांची भेसळ होणार आणि सगळं रान संशयात. आई रोज सकाळी त्या ओळींतून चालत आली होती. मक्याची पानं कडेला करवतीसारखी असतात. मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या हातांवर बारीक चिरा पडल्या होत्या, घाम लागला की त्या चुरचुरत, आणि संध्याकाळी ती दोन्ही हात घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बसे. "एवढं केलं आणि शेवटी आभाळ थुंकलं," ती म्हणाली आणि ओला ढीग वेगळा ओढायला लागली.

तो मका त्यांनी वेगळा वाळवला. मुठीत घेऊन हलवला की खडखड वाजेपर्यंत वाळवला. तरी बाबांचं मन त्यांना खात होतं. बाबा असे गृहस्थ की दुकानदारानं चुकून जास्त साखर बांधून दिली तर त्यांना झोप लागत नाही, आणि कमी दिली तर सांगायची लाज वाटते. तेवढी पोती त्यांनी लाल सुतळीनं शिवली, बाकीची साध्या सुतळीनं. माल टाकताना सांगू म्हणाले, ही भिजलेली आहेत, वेगळी ठेवा. आई म्हणाली, आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घ्यायची तुमची हौस काही जायची नाही. पण लाल सुतळी आणायला दुकानात गेली तीच.

तिची भीती खोटी नव्हती. कंपनीचा नियम साधा होता. ज्याचा माल उगवणीत नापास, त्याला पुढच्या हंगामाला बी नाही. एकदा हे काम हातातून गेलं की परत मिळत नाही, मागं रांग लावून माणसं उभी असतात. आईचा माल कधी नापास झाला नव्हता. हे ती स्वतः कुणाला सांगायची नाही, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर अडवायचीही नाही.

मुलीचं नाव शाळेच्या दाखल्यावर वेगळं होतं. घरी आणि गल्लीत तिला मोजणी म्हणत. लहानपणी ती दिसेल ते मोजायची, तारेवरचे कावळे, जिन्याच्या पायऱ्या, पाहुण्यांनी खाल्लेली बिस्किटं, आणि आकडा पाहुण्यांच्या तोंडावर मोठ्यानं सांगायची. या सवयीपायी तिनं धपाटे खाल्ले आणि याच सवयीपायी ती विद्यापीठात संख्याशास्त्राला गेली. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं कुठंतरी प्रत्यक्ष काम करून यायचं, असा तिथला नियम. इंटर्नशिप. बँका आणि विमा कंपन्या ज्यांचे काका-मामा तिथं होते त्यांना मिळाल्या. मोजणीच्या वाट्याला आली बियाणं कंपनीची तपासणी प्रयोगशाळा, तीही तिच्याच गावाबाहेरच्या रस्त्यावरची, घरून सायकलनं जाता येईल अशी. मक्याच्या धुळीतून बाहेर पडावं म्हणून शिकली आणि शिकून पुन्हा त्याच धुळीत येऊन पडली. मैत्रिणी गार हवेच्या कचेऱ्यांतले फोटो पाठवायच्या. ती बघायची आणि फोन पालथा ठेवायची.

शेजारच्या काकांना सगळे रेडिओ म्हणत, कारण त्यांना सुरू करायचं बटण होतं पण बंद करायचं नव्हतं. तेही कंपनीचंच बी करत. मोजणी कामाला लागणार हे कळलं तसे ते कुंपणापाशी येऊन आईला म्हणाले, "चला, तुमची काळजी मिटली. पोर आतच बसली. आता तुमचा माल नापास करायची कुणाची टाप आहे?"

हसत म्हणाले. मनात काही नसावं. पण आईला ते लागलं, आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं मोजणीला सांगितलं, "तिथं कुणाची मुलगी म्हणून जाऊ नकोस. काम शिकायला चाललीस, काम शीक. उद्या कुणी बोट दाखवलं तर मला मान वर करून चालता यायचं नाही."

मोजणीनं ते मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं. आईबापांचं न ऐकणारी मुलं घराचं नुकसान करतात असं म्हणतात. पण नको इतकं ऐकणारी काय करतात ते कुणी सांगत नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख एक बाई होत्या. आवाज बारीक आणि नजर सुईसारखी. बोलायला लागल्या तर दोन वाक्यांत आटोपत. मोजणीबरोबर तिच्याच वर्गातला एक मुलगा आला होता. शहरातला, जाड भिंगांचा, त्यामुळे पहिल्याच दिवशी हमालांनी त्याचं नाव चष्मा ठेवलं. त्यानं कणीस फक्त भाजलेलं बघितलं होतं. ते ताटाच्या शेंड्याला फुलासारखं येत असणार अशी त्याची समजूत होती, आणि ही समजूत त्यानं सगळ्यांदेखत बोलून दाखवली. मोजणीला उचकी लागेपर्यंत हसू आलं. पण संगणकावर त्याचा हात असा चालायचा की दोन दिवसांनी बाईंनी आपली खुर्ची त्याला दिली.

काम दिसायला सोपं होतं. पोत्यातून काढलेले दाणे ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची सुरळी करायची, ती उबदार कपाटात उभी ठेवायची. काही दिवसांनी सुरळी उघडली की कोंब दिसतात. सरळ कोंब एकीकडे, वाकडे आणि कुजके दुसरीकडे. शंभरातले नव्वद सरळ आले तर माल पास. एकदा चष्म्यानं एक वाकडा कोंब बाईंपुढे धरला आणि म्हणाला, हा बिचारा प्रयत्न तर करतोय. बाई म्हणाल्या, इथं प्रयत्नाला गुण नाहीत.

खरी गंमत गोदामात होती. पोत्यातून दाणे काढायला परखी असते, टोकदार पोकळ नळी. ती पोत्यात खुपसली की पोतं न उघडता मूठभर दाणे हातात येतात. हमाल ती हाताला लागेल त्या पोत्यात खुपसायचे, म्हणजे थप्पीच्या पुढच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर. वरचं कोण काढणार, मागचं कोण ओढणार? बाईंनी दोघांना विचारलं, तुमचं पुस्तक याला काय म्हणतं. दोघांनी बसून पद्धत बसवली. प्रत्येक पोत्याला नंबर टाकायचा, संगणकानं डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्यासारखे नंबर काढायचे, आणि जो नंबर येईल तेच पोतं, मग ते थप्पीच्या तळाशी असलं तरी. हमालांनी शिव्या घातल्या. मोजणीनं त्यांना समजावलं, सोपं पोतं घेतलंत तर मालाची परीक्षा होत नाही, तुमच्या हाताची होते. पुस्तकातली गोष्ट खरोखरच्या पोत्याला हलवते आहे हे बघून तिला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिनं मैत्रिणींना गोदामाचा फोटो पाठवला.

मग घरचा माल आला. बाबा ट्रॅक्टरबरोबर आले, गोदामवाल्याला लाल सुतळीची पोती दाखवली आणि वेगळी ठेवा म्हणून सांगितलं. गोदामवाला दातांत काडी घालून उभा होता. तो म्हणाला, एका नावाचा माल, एक थप्पी. वेगळी थप्पी म्हणजे वेगळे कागद, आणि वेगळे कागद म्हणजे माझी दुपार गेली. बाबा बरं म्हणाले. लाल पोती शेवटी उतरली, म्हणून ती थप्पीच्या तोंडाशीच लागली.

मोजणी तेव्हा वजनकाट्यापाशीच होती. घरून ठरलं होतं की ओळख दाखवायची नाही, म्हणून तिनं मान वर केली नाही आणि बाबांनीही हाक मारली नाही. ते काट्याजवळून गेले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला मक्याचं कुसळ चिकटलेलं तिला दिसलं. घरी असती तर तिनं झटकलं असतं. चष्म्यानं सहज विचारलं, हे कोण?

"माल घालायला आलेत," ती म्हणाली.

बाबांनी ते ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवायला त्यांनी ट्रॅक्टरवाल्याशी उगीचच हवेबद्दल बोलायला सुरुवात केली. मोजणीनं काट्यावरचा आकडा वहीत लिहिला, खोडला आणि पुन्हा तोच लिहिला.

त्या मालाच्या नमुन्याची पाळी आली तेव्हा चष्मा कपाटातल्या सुरळ्यांत गुंतला होता. मोजणी नंबरांची यादी घेऊन एकटीच गोदामात गेली. गोदामवाल्यानं दातांतली काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "घरचा माल आहे," तो हमालांना म्हणाला, "हळू टोचा रे. आणि नंबर काय, चांगलेच आले असतील."

हमाल हसले. मोजणीचे कान तापले. तिनं यादीवर नजर टाकली. बहुतेक नंबर थप्पीच्या मधले होते, काही मागचे. लाल सुतळीचं एकच. ते तसंच यायला हवं होतं, एवढ्या मोठ्या थप्पीत तेवढ्याशा लाल पोत्यांतलं एखादंच लागणार. हे तिला कळत होतं, वर्गात कुणी विचारलं असतं तर तिनं फळ्यावर लिहून दाखवलं असतं. पण समोर फळा नव्हता, गोदामवाला होता. यादीप्रमाणे गेलं तर सगळ्यांना दिसणार की पोरीनं भिजलेली पोती बरोबर चुकवली. आणि कुंपणापलीकडे रेडिओ सुरू होणार.

तिनं यादी घडी करून खिशात टाकली, हमालाच्या हातातली परखी घेतली आणि पहिल्या लाल पोत्यात खुपसली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. सगळी लाल पोती झाल्यावर नावाला दोन साधी टोचली. हमाल हसायचे थांबले. गोदामवाल्यानं काडी थुंकली. मोजणी नमुन्याची पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा तिची मान ताठ होती. त्या दिवशी तिला स्वतःचा फार अभिमान वाटला.

सुरळ्या उघडल्या चष्म्यानं. नमुन्यावर मालकाचं नाव नसतं, नुसता क्रमांक. तो मोजत गेला आणि मोजता मोजता त्याचा आवाज पडत गेला. दाणे फुगून नुसतेच पडले होते, काहींना बुरशी होती, काहींचा कोंब वळून परत आत गेलेला. सत्तरच्या पुढं आकडा जाईना. "हा कुणाचा आहे बिचारा?" तो म्हणाला. मोजणीनं क्रमांक वाचला आणि आपल्याच पायाकडं बघत राहिली. बाईंनी सही केली, कचेरीतून घरी फोन गेला.

ती घरी पोचली तेव्हा आई अंगणात खुरपं घेऊन बसली होती. धार लावायचा दगड पुढ्यात होता पण हात चालत नव्हता. बाबांनी फोनवर ऐकलेलं आईला सांगून झालं होतं. मोजणीला वाटलं होतं आई चिडेल, कंपनीला शिव्या देईल, तिलाही देईल. ते झालं असतं तर बरं. आई नुसती आपली चूक शोधत होती. ताडपत्री मी शिवायला हवी होती, म्हणाली. मळणीची घाई मीच केली. वाळवताना दुपारी एकदा हलवायला विसरले होते, तेव्हाच तापला असेल. मग तिनं दोन्ही हात पुढं धरले आणि बघितले, जणू त्या चिरांमध्येच कुठंतरी चूक लपली असावी. बाबा म्हणाले, पावसानं केलं, तू काय करणार. आई म्हणाली, पाऊस सगळ्यांवरच पडला.

मोजणीला ते सोसवेना. तिनं सायकल तशीच आडवी टाकली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. यादीचं सांगितलं, काडीवाल्याचं सांगितलं, लाल पोती एकेक करून कशी टोचली तेही सांगितलं. आईला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिनं खुरपं खाली ठेवलं.

"म्हणजे लोकांनी तोंड उघडू नये म्हणून तू आपल्या ताटात माती घातलीस?"

"तूच म्हणाली होतीस, कुणी बोट दाखवता कामा नये."

"मी म्हणाले होते काम शीक. हे काम होय?" आईचा आवाज चढला, आणि तो चढलेला ऐकून मोजणीला विचित्र बरं वाटलं. "अगं, परक्याच्या पोत्याशी असं वागली असतीस का? मग आमच्याशीच का? आम्ही काय वाटेवर पडलोय?"

मोजणी आडव्या सायकलीशेजारी बसली. ती रडायला लागली. बाबा इतका वेळ सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळत बसले होते. ते म्हणाले, उद्या जा आणि बाईंना आहे तसं सांग. मोजणी म्हणाली, मला काढून टाकतील, विद्यापीठात कळवतील, वर्ष जाईल. आणि सगळे म्हणतील घरचा माल नापास झाला तशी आता गोष्टी रचतेय.

"म्हणू देत," बाबा म्हणाले. "आता पुरे झालं लोकांचं ऐकणं."

बाबा असं ठाम काही बोलल्याचं मायलेकींना आठवत नव्हतं. दोघी त्यांच्याकडं बघत राहिल्या, आणि त्यामुळे बाबाच अवघडून गोठ्याकडं निघून गेले.

सकाळी मोजणी बाईंच्या टेबलापुढं उभी राहिली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, यादी होती ना? होती, ती म्हणाली, आणि खिशातून चुरगळलेला कागद काढून ठेवला. बाईंनी तो हातानं सपाट केला.

"आपल्या माणसाला पास करायला आलेले मी पुष्कळ बघितले," त्या म्हणाल्या. "आपल्या आईला नापास करणारी तू पहिली." हसल्या नाहीत. "दोन्ही एकच. तराजूवर बोट ठेवलंस. कुठल्या पारड्यावर ठेवलंस ते मी विचारत नाही."

बाईंनी मग भराभर सगळं मांडलं. ही तपासणी रद्द. मोजणीनं एकटीनं जेवढे नमुने काढलेत तेवढे सगळे पुन्हा काढायचे. आता ती गोदामाची पायरी चढणार नाही. गोदामवाल्याला बोलावून लाल पोत्यांचं विचारलं. तो वेगळ्या कागदांबद्दल पुटपुटला. बाई म्हणाल्या, कागद मी लिहिते, तुम्ही पोती उचला. त्या दिवशी हमालांबरोबर गोदामवाल्यालाही पाठ वाकवावी लागली. मोजणीच्या इंटर्नशिपच्या दाखल्यात काय लिहायचं ते शेवटी बघू, एवढंच बाई म्हणाल्या.

दुसऱ्या नमुन्याच्या वेळी मालकांनी समोर हजर राहायचं ठरलं. आई धुतलेली साडी नेसून आली, आणि येताना कुंपणावरून रेडिओला घेऊन आली. चला, म्हणाली, आमचा माल कोण पास करतंय ते तुम्हीच डोळ्यांनी बघा. काका बिचारे न्हाव्याकडं निघाले होते, तसेच अर्धवट दाढीनं आले. वेगळ्या थप्पीतली लाल पोती बाबांनी स्वतः गोदामाबाहेर काढून दिली; ती जनावरांच्या खाद्यात जाणार होती, त्याचं कुणाला फार वाईट वाटलं नाही. उरलेल्या थप्पीसाठी चष्म्यानं नवे नंबर काढले आणि यादी काकांच्याच हातात दिली, मोठ्यानं वाचा म्हणाला. आवाज तर त्यांना होताच. काका एकेक नंबर वाचत गेले, हमाल पोती ओढत गेले, परखी चालत राहिली. तेवढा वेळ काकांच्या तोंडून नंबरांशिवाय दुसरा शब्द निघाला नाही, याची गावात पुढं पुष्कळ दिवस चर्चा होती.

मोजणी बाहेर नळाजवळ उभी होती. गोदामातलं तिला काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. काम संपल्यावर बाबा सगळ्यांत आधी बाहेर आले, धुळीनं पांढरे झालेले, डोळे चोळत. हमाल मागंच होते, चष्माही होता. मोजणीनं तांब्या भरला आणि सरळ त्यांच्यापुढं गेली.

"बाबा, पाणी," ती म्हणाली, गोदामातल्या शेवटच्या हमालाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि सगळ्यांदेखत त्यांच्या सदऱ्यावरची धूळ झटकली.

चष्म्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला काट्यापाशीचं तिचं उत्तर आठवलं असावं. बाबांनी घटाघट पाणी प्यायलं, उरलेलं तोंडावर मारलं आणि ओल्या हातानं तिच्या डोक्यावर एक टपली मारली.

मग वाट बघायची होती. बी उगवायला जो वेळ लागतो तो लागतोच, कुणाच्या जिवाची घालमेल बघून ते लवकर बाहेर येत नाही. मोजणी प्रयोगशाळेत दुसऱ्यांचे कोंब मोजत राहिली. त्या एका कपाटाकडं पाठ करून बसायची. घरी आईनं जे दिसेल ते काम काढलं. कणगी शेणानं सारवली, डबे घासले, सारवलेली कणगी पुन्हा सारवली. ताडपत्री शिवली आणि शिवण आवडली नाही म्हणून उसवून परत शिवली. जेवायला बसली की दोन घासांत उठायची. पहाटे मोजणीला जाग यायची तेव्हा आई आधीच जागी असायची, छताकडं बघत. नापास झालं तर काय करायचं हे तिनं ठरवून टाकलं होतं, दुसऱ्यांच्या रानात तुरे उपटायला जायचं. हे तिनं बाबांना सांगितलं नव्हतं पण बाबांना माहीत होतं.

सुरळ्या उघडल्या त्या दिवशी बाईंनी मोजणीला व्हरांड्यात बसवलं. आत चष्मा मोजत होता. त्याच्या आवाजाचा नुसता सूर भिंतीपलीकडून येत होता, आकडे कळत नव्हते. सूर पडत नव्हता एवढं तिला कळलं, पण त्यावर विश्वास ठेवायची तिची तयारी नव्हती. शेवटी बाईंनी हाक मारली. टेबलावर हिरवट पांढऱ्या कोंबांच्या ओळी होत्या, सरळ, एकसारख्या, नुकतंच तेल लावून भांग पाडल्यासारख्या.

"चौऱ्याण्णव," बाई म्हणाल्या.

मोजणी म्हणाली, पुन्हा मोजू का? बाई म्हणाल्या, त्यानं दोनदा मोजले, मी एकदा. तू हात लावायचा नाहीस. मग म्हणाल्या, दाखल्यात मी लिहिणार आहे की हिनं चूक केली आणि आपणहून सांगितली. मोजणीनं विचारलं, चूकपण लिहिणार? बाई म्हणाल्या, ती वगळली तर पुढच्या वाक्याला काय अर्थ राहील? वर्ष जाणार नव्हतं. मोजणीला ते समजायला जरा वेळ लागला, कारण ती अजून चौऱ्याण्णववरच होती. बाईंनी भिंतीवरच्या फोनकडं बघितलं, मग तिच्याकडं. "फोन मी करत नाही," त्या म्हणाल्या. "तूच जा."

तिनं सायकल अशी हाणली की वळणावर चेन पडली. ती बसवताना हात काळे झाले, ते तिनं ओढणीला पुसले, आणि उरलेला रस्ता पायडलवर उभी राहून गेली.

आई रानात धसकटं वेचत होती. कापून नेलेल्या मक्याची खुंटं, एकेक उपटायचं, माती झटकायची, ढिगावर टाकायचं. मोजणीला बांधावरून पळत येताना बघून ती उभी राहिली. हातातलं धसकट तिनं टाकलं नाही.

"पास," मोजणी म्हणाली. पुढं बोलायला दम उरला नव्हता.

"किती?"

"चौऱ्याण्णव."

आईनं धसकटावरची माती झटकली. "बाकीचे सहा कुठं गेले?" ती म्हणाली.

मोजणीला हसू आलं, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आई हसत नाहीये. आई बांधावर बसली होती, धसकट मांडीवर, आणि चिरा पडलेल्या हातांत तोंड झाकून हमसून हमसून रडत होती. मोजणीनं तिला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. ती शेजारी बसली, पाठीवर हात ठेवला, आणि आईनंही तो झिडकारला नाही. दोघी तशाच बसून राहिल्या. बाबा पलीकडून येताना दिसले, तशी आईनं पदरानं तोंड पुसलं आणि लांबूनच हात वर करून दाखवला. बाबा चालत होते ते थांबले. मग उगीचच खाली वाकून त्यांनी एक धसकट उपटलं.

घरी येऊन आईनं पाय धुतले. चहा ठेवू का, मोजणीनं विचारलं. ठेव म्हणाली, आणि दाराजवळच्या खाटेवर जरा टेकली. चहा होईपर्यंत ती झोपली होती. भर उन्हाची वेळ, अंगणात धुणं वाळतंय, ढिगावर कोंबड्या उकरताहेत, आणि आई तोंड किंचित उघडं टाकून घोरत होती, दोन्ही हात अंगावेगळे पसरलेले. मोजणीनं चहाचा कप परत आत नेला.

तेवढ्यात कुंपणापाशी काका उगवले. बातमी कुठूनतरी लागलीच होती, चेहरा फुलला होता, छाती भरून श्वास घेतलेला. बाबा लगबगीनं पुढं गेले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, खाटेकडं मान केली. काकांनी आत बघितलं. भरलेला श्वास हळूहळू सोडून दिला. "झोपलीय?" त्यांनी कुजबुजत विचारलं. त्यांना कुजबुजता येतं हे बाबांना त्या दिवशी कळलं. दोघं तिथंच कुंपणाला टेकून, पुढच्या हंगामाच्या बियाण्याबद्दल दबक्या आवाजात बोलत राहिले.

ऊन सरकून खाटेपाशी आलं तसं मोजणीनं दार अर्धं लोटलं, आईच्या तोंडावर सावली येईल एवढंच. आई दिवेलागणीपर्यंत उठली नाही, आणि कुणी तिला उठवलंही नाही.